सेवाभावी संस्थेतील आजारपणाची रजा

आपल्या बेटावर सेवाभावी संस्था पुष्कळ आहेत. कुठे वृद्धाश्रम आहे, कुठे अनाथ मुलांचे निवासगृह, कुठे अपंग मुलांची शाळा, कुठे पाळणाघर. या संस्था लोकांच्या देणग्यांवर, सरकारी अनुदानावर आणि कंपन्यांच्या मदतीवर चालतात. त्यांचे वार्षिक समारंभ थाटात होतात. अध्यक्षांना हार घातला जातो, देणगीदारांची नावे वाचली जातात, फोटो निघतात. ते योग्यच आहे. परंतु पहाटे येऊन म्हाताऱ्यांना आंघोळ घालणारी बाई, स्वयंपाकीण, मुलांची व्हॅन चालविणारा आणि रात्रभर जागणारा पहारेकरी या माणसांची नावे कोणी वाचत नाही. ही माणसे पगारावर आहेत, आणि त्यांच्यात आपल्यापैकी अनेकांची एखादी वहिनी, एखादा भाचा, एखादी शेजारीण आहे.

अशी वहिनी तापाने अंथरुणाला खिळली तर तिच्या त्या दिवसांच्या पगाराचे काय होते? हा प्रश्न आम्ही निरनिराळ्या निमित्ताने अनेकांना विचारला. काही संस्थांत सर्व व्यवहार नियमाप्रमाणे चोख चालतो, हे आधी सांगितले पाहिजे. पण काही ठिकाणी असेही उत्तर ऐकले की, “ही सेवेची जागा आहे, कारखाना नव्हे. इथे रजेचा हिशेब कसला मागायचा?” बोलणारे गृहस्थ सज्जन होते आणि संस्थेसाठी स्वतःचा खिसा रिकामा करणारे होते. म्हणूनच हा विषय येथे घेण्याची आम्हांला गरज वाटली.

आमचे म्हणणे साधे आहे. दान किती द्यावे आणि कोणाला द्यावे हे दात्याने ठरवायचे असते. पगारी रजा हे दान नव्हे. ती केलेल्या कामाच्या मोबदल्याचाच एक भाग आहे. ती देणारी संस्था पुण्य कमावते असे नाही, आणि मागणारी बाई कृतघ्न ठरते असेही नाही.

कायदा काय म्हणतो?

मॉरिशसमध्ये १९७५ चा लेबर ॲक्ट होता. त्यानंतर २००८ चा एम्प्लॉयमेंट राइट्स ॲक्ट आला, आणि २४ ऑक्टोबर २०१९ पासून वर्कर्स राइट्स ॲक्ट लागू झाला. मालक नफ्यासाठी काम करतो की पुण्यासाठी, यावरून कामगाराच्या रजेत फरक करण्याचे या कायद्याला कारण वाटलेले नाही. शिवाय काही धंद्यांसाठी जसे वेतनाचे स्वतंत्र नियम आहेत तसे धर्मादाय संस्थांसाठीही आहेत. तेव्हा ‘आम्हांला कायदा लागू नाही’ ही समजूत मुळातच चुकीची आहे.

वाचकांच्या सोयीसाठी मुख्य गोष्टी थोडक्यात देतो. एकाच मालकाकडे सलग बारा महिने काम झाले की पुढच्या प्रत्येक बारा महिन्यांत २० दिवसांची वार्षिक रजा आणि आणखी २ दिवस, अशी एकूण २२ कामाच्या दिवसांची भरपगारी रजा मिळते. हिलाच आपण घरीदारी ‘लोकल’ म्हणतो. वर्ष संपताना जे दिवस उरतात त्यांचे पैसे मिळावयाचे असतात. आजारपणाची रजा याहून वेगळी आहे. तीही बारा महिन्यांनंतर, वर्षाला १५ कामाचे दिवस, भरपगारी. नोकरीला सहा महिने झाले पण वर्ष झाले नाही, अशा मधल्या काळात महिन्याला एक दिवस या हिशेबाने ती मिळते. अर्धवेळ काम करणाऱ्यालाही ही रजा आहे, मात्र कामाच्या प्रमाणात.

आजारपणाची न वापरलेली रजा बुडत नाही, ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. ती साठत जाते आणि ९० दिवसांपर्यंत साठू शकते. वर्षाला पंधरा दिवस धरले तर सहा वर्षे धडधाकट राहून काम करणाऱ्या बाईच्या नावावर पूर्ण ९० दिवस जमा होतात. हे दिवस सर्दीपडशासाठी नाहीत. त्या वर्षीचे पंधरा दिवस संपले आणि रुग्णालयात राहावे लागले, किंवा तेथून सुटल्यावर घरी विश्रांतीची गरज पडली, की डॉक्टरच्या दाखल्यावर या साठ्यातून भरपगारी रजा मिळते. मोठी शस्त्रक्रिया झालेल्या माणसाला या साठ्याची किंमत विचारा.

पाच वर्षे सलग नोकरी झाली की त्या पाच वर्षांसाठी ३० दिवसांपर्यंतची दीर्घ रजाही कायद्यात आहे. २०२४ च्या दुरुस्तीने बाळंतपणाची रजा १४ आठवड्यांवरून १६ आठवड्यांवर आणि बापाची रजा चार आठवड्यांवर गेली. पहिल्या लग्नासाठी आणि घरातील जवळच्या माणसाच्या मृत्यूनंतर काही दिवसांची खास रजा असते.

येथे एक गोष्ट आपल्या समाजाने विशेष ध्यानात घ्यावी. गणेश चतुर्थी ही या देशात सार्वजनिक सुटी आहे. आपण सर्व त्या दिवशी गणपतीसमोर असतो. पण वृद्धाश्रमातील आजींना त्या दिवशीही जेवण लागते, औषध लागते, अंथरूण बदलावे लागते. सार्वजनिक सुटीच्या दिवशी कामावर बोलावलेल्या माणसाला साधारणपणे दुप्पट दराने मोबदला द्यावा लागतो. पाळीने काम करणाऱ्यांचे नियम निराळे असू शकतात, ते करारात पाहावे. परंतु ‘सणाच्या दिवशी देवाचे काम समजून ये’ हे वाक्य मोबदल्याची जागा घेऊ शकत नाही.

आजारी पडल्यावर काय करावे?

हक्काबरोबर कामगाराचे कर्तव्यही येते. आजारी पडल्यास पहिल्याच दिवशी कामावर कळविले पाहिजे. फोन करावा, निरोप पाठवावा, आणि कोणाला कळविले ते लिहून ठेवावे. सलग तीन दिवसांहून अधिक गैरहजेरी होणार असेल तर चौथ्या दिवशी डॉक्टरचा दाखला पोचवावा. त्याची एक प्रत घरी ठेवावी. मालकाला शंका वाटली तर तो स्वतःच्या खर्चाने दुसऱ्या डॉक्टरकडून तपासणी करवून घेऊ शकतो. त्यात अपमान मानण्याचे कारण नाही.

रीतसर कळविलेल्या आणि डॉक्टरने दाखला दिलेल्या आजारपणातील तात्पुरत्या गैरहजेरीसाठी नोकरीवरून काढता येत नाही, हे कायद्याने स्पष्ट केले आहे. कामावर असताना इजा झाली तर तो विषय निराळा. म्हाताऱ्या माणसाला उचलताना कंबरेत उसण भरणे, ओल्या फरशीवरून घसरणे, स्वयंपाकघरात भाजणे हे प्रकार अशा संस्थांत नवीन नाहीत. अशी इजा त्याच दिवशी कळवावी आणि तिची नोंद करवून घ्यावी. तिला साध्या आजारपणाच्या पंधरा दिवसांत टाकून मोकळे होऊ नये.

दुहेरी कापाची आठवण

आमचे पूर्वज मुंबई बंदरातून जहाजात बसून या बेटावर आले तेव्हा त्यांच्या हातात करार होता आणि महिन्याला पाचेक रुपये पगार होता. उसाच्या मळ्यांवर तेव्हा ‘डबल कट’ नावाची पद्धत होती. मजूर एक दिवस कामावर आला नाही तर त्याचा दोन दिवसांचा पगार कापला जाई. माणूस खरोखर आजारी होता की नाही हे सरदार आणि मळेवाला ठरवीत. महिनाभरात चारपाच दिवस ताप आला की पगारातला तिसरा हिस्सा गेलाच म्हणून समजावे.

१८७१ मध्ये आदोल्फ दे प्लेवित्झ या गृहस्थाने जुन्या मजुरांच्या वतीने एक मोठा अर्ज गव्हर्नरकडे पाठविला. त्यावर ९,४०१ जणांच्या सह्या होत्या. त्यानंतर इंग्लंडहून शाही आयोग आला आणि १८७५ मध्ये त्याचा अहवाल प्रसिद्ध झाला. त्या कागदांतून मजुरांची जी स्थिती जगापुढे आली तीत पगारकपात हा मोठा भाग होता.

आज कोणतीही सेवाभावी संस्था दोन दिवसांचा पगार कापत नाही. त्या मळेवाल्यांशी आपल्या समाजसेवकांची तुलना करण्याचा आमचा मुळीच हेतू नाही. पण आजारी पडल्याची शिक्षा पगारातून भोगणे म्हणजे काय, हे ज्यांच्या पणजोबांनी अनुभवले त्यांच्या कमिटीत तरी हा प्रश्न हसून टाळला जाऊ नये, असे आम्हांला वाटते.

कमिटीची अडचण

कमिटीची बाजूही ऐकली पाहिजे. लहान संस्थेचा खजिनदार बहुधा नोकरी सांभाळून संध्याकाळी हिशेब लिहिणारा माणूस असतो. पैसा वर्षावर्षाने येतो. २००९ पासून कंपन्यांना आपल्या नफ्यातील दोन टक्के समाजकार्यासाठी देणे भाग पडले, आणि २०१७ पासून त्यातला मोठा वाटा सरकारमार्फत फाउंडेशनकडे जाऊ लागला. हेच फाउंडेशन २०१९ मध्ये नॅशनल सोशल इन्क्लूजन फाउंडेशन झाले. संस्थेने आपला प्रकल्प लिहून पाठवावा, मंजुरीची वाट पाहावी, मग पैसे हाती यावेत असा हा क्रम. मंजुरीला उशीर झाला की पगारालाच ओढाताण होते, मग बदलीच्या माणसाला द्यायला पैसे कोठून आणायचे?

ही अडचण खरी आहे. पण तिच्यावरचा उपाय रजा नाकारणे हा नसून रजा आधीच अंदाजपत्रकात धरणे हा आहे. एक हिशेब करून पाहू. समजा एका वृद्धाश्रमात पाच जण पगारावर आहेत. प्रत्येकाची वार्षिक रजा २२ दिवस, म्हणजे पाच जणांचे ११० दिवस. हे दिवस नक्कीच लागणार. आजारपणाचे प्रत्येकी १५, म्हणजे जास्तीत जास्त ७५ दिवस. ते सगळे लागतीलच असे नाही, पण लागू शकतात. दोन्ही मिळून १८५ दिवस झाले. आठवड्याला सहा दिवस काम करणारा माणूस रजा आणि सार्वजनिक सुट्या वगळता वर्षाला पावणेतीनशेच्या आसपास दिवस कामावर असतो. तेव्हा पाच माणसांच्या मागे, वाईट वर्षात, जवळजवळ पाऊण माणसाचे काम बदलीवर करवून घ्यावे लागणार. हा आकडा अनुदानाच्या अर्जात पहिल्या दिवशीच लिहावा. ‘पगार’ या ओळीखाली ‘रजेतील बदली’ अशी दुसरी ओळ घालावी. देणाऱ्याने ती खोडली तर निदान त्याला कारण तरी द्यावे लागेल.

हा आकडा लिहिला नाही तर काय होते? आजारी बाईच्या जागी कोणी नसते, म्हणून दुसरी बाई दोन पाळ्या करते आणि आठ दिवसांनी तीही पडते. किंवा आजारी बाई पगार जाईल या भीतीने औषध घेऊन कामावर येते. मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे आपला देश घरात बंद झाला, तेव्हा खोकणाऱ्या माणसाने वृद्धांच्या खोलीत पाऊल ठेवणे म्हणजे काय हे सर्वांना कळले. ज्या आश्रमात आजारपणाची रजा मिळत नाही त्या आश्रमातील आजीआजोबाही सुरक्षित नाहीत. रजेचा खर्च हा त्यांच्याच काळजीचा खर्च आहे.

आणखी एक प्रथा आमच्या कानावर आली आहे. अनुदान वर्षाचे, म्हणून करारही वर्षाचा करायचा, किंवा अकरा महिन्यांचा. मग काही दिवस खंड पाडायचा आणि पुन्हा नवा करार करायचा. त्यामुळे बारा महिने कधी भरतच नाहीत, असा समज. परंतु दोन करारांमधला खंड २८ दिवसांपेक्षा जास्त नसेल तर कायदा ती नोकरी सलगच धरतो. तीन अकरामाही करार पाठोपाठ करणाऱ्या बाईला ‘तुझे वर्ष झालेले नाही’ असे सांगता येत नाही.

स्वयंसेवक कोण, कामगार कोण?

सर्वांत जास्त गोंधळ येथेच होतो. शनिवारी मुलांना शिकवायला येणारे निवृत्त गुरुजी, देवळात भजनाला पेटी वाजविणारे काका, उत्सवात वाढप करणारी तरुण मंडळी हे स्वयंसेवक. त्यांना रजेचा प्रश्न नाही, कारण त्यांनी यावे की न यावे हे तेच ठरवितात. पण जिला ठरलेल्या वेळी यावे लागते, जिचे काम दुसरा कोणी ठरवितो आणि जिला त्याबद्दल दरमहा पैसे मिळतात, ती नोकरीत आहे. त्या पैशांना ‘मानधन’ म्हटले, ‘स्टायपेंड’ म्हटले, ‘प्रवासखर्च’ म्हटले तरी कामाचे स्वरूप बदलत नाही.

भारतात हाच वाद पन्नास वर्षे चालला. १९७० मध्ये सफदरजंग रुग्णालयाच्या खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने रुग्णालयाला उद्योग मानण्यास नकार दिला. २१ फेब्रुवारी १९७८ रोजी बंगळूर पाणीपुरवठा मंडळाच्या खटल्यात सात न्यायमूर्तींच्या पीठाने ते मत फिरविले. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी सांगितले की मालक आणि कामगार मिळून पद्धतशीरपणे लोकांच्या गरजा भागवीत असतील तर नफ्याचा हेतू नसला तरी तो उद्योगच आहे. धर्मादाय संस्थाही त्यात आल्या. पगारासाठी नव्हे तर समान ध्येयासाठी एकत्र आलेल्या स्वयंसेवकांच्या छोट्या संस्था मात्र बाहेर राहिल्या. १९८२ मध्ये संसदेने धर्मादाय संस्थांना वगळणारी दुरुस्ती केली, पण ती कधी अमलातच आली नाही. शेवटी २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेने पूर्णतः किंवा बहुतांशी धर्मादाय काम करणाऱ्या संस्थांना ‘उद्योग’ या व्याख्येबाहेर ठेवले, आणि ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. हा वाद औद्योगिक तंट्यांच्या कायद्याचा होता, रजेचा थेट नव्हता. तरी ‘सेवेच्या घरात काम करणारा हा कामगार की सेवक’ हा प्रश्न तिकडेही सुटायला किती अवघड गेला, हे त्यावरून दिसते. आपल्या बेटावर रजेपुरते तरी उत्तर कायद्यात लिहिलेले आहे. तेव्हा ते वाचण्याचा कंटाळा करू नये.

रजेची वही

आता शेवटची आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट. आपल्या संस्थांच्या कमिट्या वार्षिक सभेत बदलतात. जुना चिटणीस जातो, नवा येतो. देवघेवीत चाव्या मिळतात, पावतीपुस्तके मिळतात, बँकेचे कागद मिळतात. रजेची नोंद मात्र पुष्कळदा जुन्या चिटणिसाच्या डोक्यातच राहते आणि त्याच्याबरोबर निघून जाते. मग दहा वर्षे काम केलेल्या स्वयंपाकिणीची शस्त्रक्रिया ठरते, आणि तिचे ९० दिवस कुठे आहेत हे कोणालाच सांगता येत नाही. कोणी मुद्दाम लुबाडलेले नसते, पण तिचे तीन महिन्यांहून अधिक दिवसांचे वेतन हवेत विरते.

यासाठी खर्च येत नाही. प्रत्येक कामगाराच्या नावाचे एक पान असलेली वही घालावी. त्यावर नोकरी लागल्याची तारीख, घेतलेली लोकल, घेतलेली आजारपणाची रजा आणि साठलेले दिवस लिहावेत. वर्षातून एकदा दोघांनी सह्या कराव्यात आणि कामगाराला प्रत द्यावी. कमिटी बदलताना ही वही चाव्यांबरोबर हातात द्यावी. कामगारानेही घरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर आपल्या रजेचे दिवस खुणेने मांडून ठेवावेत. ज्या मावशींना लिहिता येत नाही त्यांच्या नातवंडांनी ते काम करावे.

आणि वाद झालाच तर? आधी कमिटीतील समजूतदार माणसाकडे जावे. तेथे उत्तर न मिळाल्यास श्रम कार्यालयात, म्हणजे आपल्या ‘ब्युरो त्रावाय’मध्ये, करार, पगाराच्या चिठ्ठ्या आणि डॉक्टरचे दाखले घेऊन जावे. तेथे तक्रार नोंदविणे म्हणजे संस्थेचा द्रोह नव्हे. त्या निमित्ताने संस्थेलाही चालू नियमांची माहिती होते, आणि कित्येकदा तेवढ्यानेच काम भागते.

आमच्या वाचकांपैकी बरेच जण कुठल्या ना कुठल्या मंडळीच्या, देवळाच्या किंवा आश्रमाच्या कमिटीवर आहेत. पुढच्या वार्षिक सभेत हिशेब मंजूर करण्यापूर्वी त्यांनी उठून तीन प्रश्न विचारावेत. आपल्याकडे पगारावर किती माणसे आहेत? त्यांच्या रजेची वही कोठे आहे? आणि त्यांच्यातले कोणी उद्या रुग्णालयात गेले तर बदलीचे पैसे कोणत्या ओळीत धरले आहेत? उत्तरे मिळेपर्यंत खाली बसू नये.